संगीतप्रवाहन, व्यक्त्यनुसारी
श्रोत्याच्या पूर्वीच्या श्रवणावरून त्याची आवड अनुमानून, त्याच्या भ्रमणध्वनीवर आंतरजालाद्वारे निवडक गीते सलग ऐकविण्याच्या पद्धतीस ही संज्ञा आहे. यात ध्वनिमुद्रण आधी संपूर्णपणे उतरवून घ्यावे लागत नाही. संपीडित ध्वनीचे लहान खंड क्रमाने येतात व काही सेकंदांचा साठा होताच वादन सुरू होते. सेकंदाला ९६ किलोबिट या वेगाने तासभराच्या श्रवणास सु. ४३ मेगाबाइट माहिती वाहून आणावी लागते. सावन (२००७) व गाना (२०१०) या भारतातील आरंभीच्या सेवा होत. २०१६ नंतर फोर-जी जोडणी स्वस्त झाली आणि अमरावती, अकोला जिल्ह्यांच्या ग्रामीण भागातही असे श्रवण रुजू लागले. मेळघाटासारख्या डोंगराळ मुलुखात संकेत क्षीण असल्यास गीते आधीच साठवून ठेवणे सोयीचे ठरते.

निवडीची मुख्य तत्त्वे दोन आहेत. ज्यांच्या श्रवणात बरीच गीते समान आहेत अशा श्रोत्यांपैकी एकाने ऐकलेले गीत दुसऱ्यास सुचविणे, हे पहिले. लय, स्वर व वाद्यांचा नाद यांचे विश्लेषण करून सदृश गीते शोधणे, हे दुसरे. गीत पुरते ऐकणे ही अनुकूल, तर मध्येच सोडून देणे ही प्रतिकूल खूण मानली जाते. आकाशवाणीच्या फर्माईशीच्या कार्यक्रमांसाठी श्रोता पत्राने आपली आवड कळवीत असे. येथे ती न विचारताच ताडली जाते. मात्र एकच भ्रमणध्वनी घरात सर्वजण वापरीत असल्यास हे अनुमान फसते. पहाटे आजीची भजने आणि रात्री नातवाची चित्रपटगीते ऐकणारा श्रोता यंत्राच्या लेखी एकच, व काहीसा विक्षिप्त, असतो.

पहिल्या तत्त्वाची मर्यादा वऱ्हाडात विशेष जाणवते. तुकडोजी महाराजांच्या (१९०९–६८) मोझरी येथील गुरुकुंज आश्रमामुळे खंजिरी-भजनाची परंपरा या भागात दृढ झाली. भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भुलाबाईची गाणी म्हटली जातात. चित्रपटगीतांच्या तुलनेने अशा गीतांचे श्रोते थोडे असल्याने साम्य शोधण्यास माहिती अपुरी पडते. म्हणून ती क्वचितच सुचविली जातात, आणि सुचविली न गेल्याने त्यांचे श्रोतेही वाढत नाहीत. सेवांच्या भाषानिवडीत सामान्यतः मराठी एवढीच नोंद असते. वऱ्हाडी बोलीतील गीत तीतच मिसळून जाते. शिवाय एकाच भजनाचे शीर्षक देवनागरीत व रोमन लिपीत निरनिराळ्या प्रकारे नोंदले गेल्यास ती वेगळी गीते समजली जाऊन तुटपुंजी श्रोतृसंख्या आणखी विभागते. गायक, गाव व बोली यांची अचूक नोंद करणे हाच यावरील व्यवहार्य उपाय होय.

याचा परिणाम मोबदल्यावरही होतो. प्रतिलिपी अधिकार (सुधारणा) अधिनियम, २०१२ अन्वये गीतकार व संगीतकार यांच्या स्वामित्वधनाच्या हक्कास संरक्षण मिळाले. परंतु पारंपरिक गीतांस ज्ञात कर्ता नसल्याने तेथे ध्वनिमुद्रणापोटी मिळणारी रक्कमच काय ती उरते. भारतात २०१९ मध्ये आलेल्या स्पॉटिफाय या मूळ स्वीडिश सेवेने २०२४ पासून, मागील बारा महिन्यांत किमान १,००० श्रवणे न झालेल्या ध्वनिमुद्रणास ही रक्कम देणे बंद केले. तीस सेकंदांहून कमी ऐकलेले गीत श्रवण म्हणून गणले जात नाही. गावोगावच्या भजनी मंडळांस हा नियम जाचक आहेच. वर्षातून एकच महिना ऐकल्या जाणाऱ्या भुलाबाईच्या गाण्यांस तो अधिकच जाचक ठरतो.