पौर्णिमेनंतरचा रविवार

2024 साली 25 मार्चला धुळवड झाली आणि 31 मार्चला ईस्टर. आदल्या वर्षी मात्र 6 एप्रिलला हनुमान जयंती आणि 9 एप्रिलला ईस्टर. नाताळ 25 डिसेंबरला खिळा ठोकल्यासारखा पक्का, म्हणून चर्चचं सगळं वर्षच इंग्रजी तारखांवर चालतं असा आपला समज असतो. पण त्याची खुंटी चंद्राला आहे. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. तो 22 मार्च ते 25 एप्रिलच्या दरम्यान कुठेही पडतो. 2023 मध्ये अधिक श्रावण आला, त्यामुळे 2024 मध्ये आपला चैत्र पुढे सरकला आणि चर्चच्या वाट्याला होळीची पौर्णिमा आली. चर्चचा चंद्र आकाशातला नाही, कोष्टकातला आहे हे खरं. पण तिथीवरून दरवर्षी वाद घालणाऱ्या आपण त्यावर नाक मुरडू नये.

ईस्टरपासून 46 दिवस मागे मोजले की राखेचा बुधवार. मधले सहा रविवार वगळून उपवासकाळाचे 40 दिवस होतात. ही राख येते कुठून? आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झालेली पाती घरोघरी तसबिरीमागे खोचलेली असतात. वर्षभरात ती वाळून पिवळी पडतात, बुधवार जवळ आला की चर्चमध्ये परत जातात आणि जळून राख होतात. सकाळची मिस्सा आटोपून वसईहून लोकल पकडणाऱ्यांच्या कपाळावर त्याच राखेचा क्रूस असतो. डब्यातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "ताई, कपाळाला काहीतरी लागलंय," आणि रुमाल पुढे करतं.

या उपवासकाळात पूर्वापार लग्नं होत नाहीत, नाताळाआधीच्या आगमनकाळातही नाहीत. चातुर्मास पाळणाऱ्यांना याचं नवल वाटू नये. त्यामुळे लग्नांची झुंबड नाताळ ते राखेचा बुधवार या पट्ट्यात उडते आणि ईस्टर लवकर आला की हा पट्टा आखडतो. 2024 मध्ये राखेचा बुधवार 14 फेब्रुवारीला, नेमका व्हॅलेंटाइन डेला आला. पुढच्या वर्षी 5 मार्चला. हॉल बुक करणाऱ्या बापाला चंद्राचं गणित असं कळतं.

ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात गुरुवारी रात्री वेदी उघडी केली जाते, घंटा मुक्या होतात. शुक्रवारी मिस्साच नसते. शनिवारी रात्री अंधारात, चर्चबाहेर नवा अग्नी पेटवून त्यावर मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर चालू सालाचे चार आकडे कोरलेले असतात. सबंध वर्षातला मला सगळ्यात आवडणारा क्षण हाच.

मुळात हे कॅलेंडर भूमध्य समुद्राकाठचं. तिथे ईस्टर म्हणजे वसंत. आपल्याकडे तेव्हा विहिरींचं पाणी खाली जाऊ लागलेलं. त्यामुळे इथल्या मातीने जिथे स्वतःची गाठ मारली, तिथेच ते खरं रुजलं असं मला वाटतं. 24 जूनला संत योहानाचा जन्मदिन. गोव्यात तेव्हा पावसाने विहिरी भरू लागतात, आणि या सांजाव सणाला पोरं डोक्यावर पानाफुलांची कोपेल घालून त्यांत उड्या टाकतात. 5 ऑगस्टला तिथल्याच राय गावात भाताची नवी कणसं कापून आशीर्वादित होतात. मुंबईच्या ईस्ट इंडियन गावठाणांत हेच काम ऑक्टोबरातला आगेरा हा सण करतो. 8 सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिन. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर वांद्र्याला मोत माऊलीची जत्रा. तिथे मेणाचे हात, पाय, घरं विकायला असतात; ज्याचं जे दुखतं, ज्याला जे हवं, ते तो वाहतो. रांगेत सगळ्याच धर्मांची माणसं. नगरकडच्या प्रोटेस्टंट अमेरिकन मिशनच्या परंपरेत मात्र संतांच्या सणांना फारशी जागा नाही.

चर्चचं वर्ष जानेवारीत नाही, नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या आरंभी आगमनकाळाने सुरू होतं. त्याआधी, 2 नोव्हेंबरला मृतांचा दिवस. दिवाळी उशिरा असली तर त्या सुमाराला बाजारात झेंडू महाग असतो. तोच झेंडू घेऊन माणसं दफनभूमीत जातात, थडगं पुसून मेणबत्ती लावतात आणि वारा असला तर हाताचा आडोसा धरून थोडा वेळ तिथेच बसून राहतात.