काळ्या ड्रेसमागची ज्युलिएत

काळा ड्रेस म्हणजे एकदम सेफ गेम! ऑफिस पार्टी असो की मैत्रिणीचा बर्थडे, काही सुचलं नाही की हात आपोआप काळ्याकडे जातो. संक्रांत सोडून काळं घातलं की आजी डोळे वटारते, ते वेगळं. पण पॅरिसमध्ये या रंगाला रुबाब मिळवून देणाऱ्या ज्युलिएत ग्रेकोबद्दल वाचलं आणि मी चाटच पडले. कारण सुरुवातीला तिच्याकडे घालायला धड कपडेच नव्हते!

ज्युलिएतचा जन्म १९२७ चा, दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातला. महायुद्धात तिची आई नाझींविरुद्धच्या भूमिगत चळवळीत होती. १९४३ मध्ये आई आणि दोन्ही मुली पकडल्या गेल्या. आई आणि थोरली बहीण शार्लोत यांची रवानगी थेट राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत झाली. सोळा वर्षांची ज्युलिएत वय लहान म्हणून तुरुंगातून सुटली. पण सुटून जायचं कुठे? जुन्या ओळखीच्या एका शिक्षिकेने आसरा दिला. मित्रांनी आपल्या पँटी-शर्ट दिले. तेच ढगळ कपडे बाह्या दुमडून घालायचे. आई-बहीण १९४५ मध्ये परतल्या, तोवर ही पोर एकटीनेच जगायला शिकली होती.

युद्ध संपलं. साँ-जर्मँ-दे-प्रे भागातल्या तळघरांत जॅझ घुमू लागलं आणि मोकळे केस, काळे कपडे घातलेली ही मुलगी त्या पिढीचा चेहराच बनली. सार्त्रसारख्या तत्त्वज्ञाने तिला गाण्यासाठी शब्द दिले. १९४९ मध्ये ती गायला उभी राहिली. त्याच वर्षी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस पॅरिसला आला आणि दोघं प्रेमात पडले. पण तो कृष्णवर्णीय, ती गोरी. तेव्हाच्या अमेरिकेत हा संसार सोपा नव्हता. लग्न झालं नाही, मैत्री मात्र टिकली.

कॉक्तोच्या 'ऑर्फे'त ती झळकली, पुढे हॉलिवूडमध्येही काम केलं. १९६५ च्या 'बेल्फेगोर' मालिकेने तिला फ्रान्समध्ये घराघरांत पोहोचवलं. पण तिची खरी जागा स्टेजवर. अंगभर काळा ड्रेस, त्यामुळे प्रकाशात उरायचे फक्त चेहरा आणि हात. लोकांचं लक्ष कपड्यांवर नाही, शब्दांवर! नाइलाजाने अंगावर आलेला रंग तिने असा कामाला लावला.

आणि हिंमत? १९८१ मध्ये पिनोशेच्या चिलीत, लष्करी अधिकाऱ्यांसमोर तिने बंदी घातलेली गाणी म्हटली. स्टेजवर आली तेव्हा टाळ्या होत्या, उतरली तेव्हा सगळं चिडीचूप. ही शांतता ती आपलं मोठं यश मानायची. तुरुंग पाहिलेल्या मुलीला वर्दीची काय भीती!

२०१५ मध्ये तिने निरोपाचा दौरा सुरू केला, नाव साधंच, 'मर्सी', म्हणजे धन्यवाद. २०२० मध्ये, ९३ व्या वर्षी ती गेली.

ड्रेस कुठल्याही मॉलमध्ये मिळेल हो. तो घालून ताठ उभं राहण्याचा कणा मात्र ज्याचा त्यानेच कमवायचा.