जिथे रात्री फिरणं गुन्हा होता

संध्याकाळी ढोलाचे 800 ठोके पडत. तेवढ्या वेळात घर गाठायचं, कारण त्यानंतर प्रत्येक पेठेचा दरवाजा बंद होई. मग हमरस्त्यावर कुणी सापडला तर त्याला 20 फटके, असं कायद्यातच लिहिलेलं होतं. बाजार भरायचा तोही ढोलावर: दुपारी 300 ठोके पडले की खरेदी-विक्री सुरू, आणि सूर्य मावळण्याआधी घंटेचे 300 टोल पडले की गाशा गुंडाळायचा. तांग राजवंशाची राजधानी चांगआन ही तेव्हाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक, पण रात्री तिथे शुकशुकाट असे. वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला दिव्यांचा सण यायचा, तेव्हा तीन रात्री ही बंदी उठायची आणि सगळं शहर रस्त्यावर लोटायचं.

त्या चांगआनचं आजचं नाव शीआन. आता इथे देशभरातून माणसं येतात ती दिवसा मातीच्या पुतळ्यांचं प्राचीन सैन्य बघायला आणि रात्री फिरायला, खायला.

तांग काळातलं शहर सुमारे 84 चौरस किलोमीटरांवर पसरलेलं होतं. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला राजधानी इथून हलली आणि शहर आक्रसलं. आज दिसतो तो सुमारे 14 किलोमीटर लांबीचा तट चौदाव्या शतकातला, मिंग राजवटीचा. त्याच्या आत 1380 साली ढोलमनोरा बांधला गेला आणि 1384 साली घंटामनोरा. घंटामनोरा 1582 मध्ये उचलून सध्याच्या जागी आणून बसवला. आता त्याला वळसा घालून दिवसरात्र गाड्या धावतात.

संध्याकाळची फेरी ढोलमनोऱ्यापासून सुरू करावी. मनोऱ्याखालच्या कमानीतून पलीकडे गेलं की बेइयुआनमन नावाचा रस्ता लागतो. लांबी जेमतेम अर्धा किलोमीटर, खाली दगडी फरसबंदी. इथून पश्चिमेला पसरलेली वस्ती हुई लोकांची. हुई म्हणजे चिनी बोलणारे मुसलमान. रेशीममार्गाने आलेले अरब, इराणी आणि मध्य आशियाई व्यापारी, सैनिक, कारागीर इथेच राहिले, त्यांनी इथल्या मुली केल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या मिसळत ही जमात तयार झाली. ‘सात मशिदी, तेरा मोहल्ले’ अशी या वस्तीची जुनी ओळख आहे.

खाण्याकडे वळण्याआधी, उजेड असतानाच, ह्वाज्युए गल्लीतली मोठी मशीद बघून घ्यावी. परंपरेने तिची स्थापना 742 सालची मानतात. सध्याच्या इमारती मुख्यतः मिंग काळापासूनच्या. घुमट नाही, उंच मिनार नाही. एकामागे एक अंगणं, लाकडी कमानी, निळसर कौलं. मिनाराच्या जागी अष्टकोनी चिनी मनोरा. चिनी मंदिरं सहसा दक्षिणाभिमुख असतात. ही वास्तू मात्र पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे मक्केच्या दिशेने, मांडलेली. नमाजाच्या दालनात इतरधर्मीयांना प्रवेश नाही, पण अंगणांत निवांत फिरता येतं.

बाहेर आलं की दिवे लागलेले असतात. रस्त्यावर पहिला मारा वासाचा. लोखंडी आकड्यांना सोललेला बोकड टांगलेला, कसाई तिथल्या तिथे मांस कापून काड्यांना लावतो, आणि निखाऱ्यांवर जिरं आणि लाल तिखट पडलं की धुराचा लोट उठतो. जिरं हे मूळचं चिनी नव्हे, तेही पश्चिमेकडून याच मार्गाने आलेलं. तिखटाबरोबर जीभ बधिर करणारी चिनी मिरीही असते. ती कोकणातल्या तिरफळाच्याच गोतातली, त्यामुळे मालवणी जिभेला ती परकी वाटायची नाही. पुढे दोन धट्टेकट्टे गडी लाकडी घणांनी शेंगदाण्याची चिक्की ठोकत असतात. शेजारी डाळिंबाचा रस. शीआनजवळच्या लिनथोंगची डाळिंबं चीनभर नावाजलेली. हे फळही इराणकडून आलेलं. लिनथोंगच्याच पर्सिमन फळांचा गर पिठात मळून, आत गोड सारण भरून तळलेल्या चपट्या वड्या गरमच खाव्यात. इवल्याशा लाकडी साच्यात वाफवलेल्या तांदळाच्या गोल वड्या काडीला टोचून मिळतात. चिकट तांदूळ, लाल बोरं आणि घेवडा यांचे थर लावून मोठ्या भांड्यात रात्रभर शिजवलेला गोड भातही असतो.

पण हे झालं चरणं. रीतसर जेवायचं तर ‘यांगरोउ पाओमो’ला पर्याय नाही. दुकानात बसलं की आधी येतो मोठा रिकामा वाडगा आणि दोन घट्ट, जाड, फिकट भाकऱ्या. शिजवायच्या आधीचं काम गिऱ्हाइकाचं. भाकरीचे आधी चार तुकडे करायचे, मग चिमटीने खुडत खुडत सोयाबीनच्या दाण्याएवढा चुरा करायचा. आपण आमटीत भाकरी कुस्करतो तसं हे भराभर होत नाही. बोटं दुखतात, अर्धा तास सहज जातो. जुने शीआनकर या वेळात गप्पा मारून घेतात. चुरा झाला की वाढपी वाडग्याला नंबराचा बिल्ला लावून तो आत नेतो. आचारी एकेक वाडगा वेगळा शिजवतो: हाडांचा रस्सा, मांसाचे काप, मुगाच्या पारदर्शक शेवया. तुकडे मोठे राहिले तर आत रस्सा मुरत नाही, बारीक असले तर नीट मुरतो, त्यामुळे वाडगा कुणाच्या हातचा आहे हे आचाऱ्याला बघताक्षणी कळतं. सोबत साखरेत मुरवलेला लसूण आणि तिखटाची चटणी. ढवळायचं नाही, कडेकडेने खात जायचं, म्हणजे शेवटपर्यंत गरम राहतं.

आपल्याकडच्या पाहुण्यांना एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. ‘यांगरोउ’ म्हणजे बोकड-मेंढीचं मांस आणि ‘न्यूरोउ’ म्हणजे गोमांस. पाओमो दोन्हींचं मिळतं, आणि इथल्या पावात भरलेलं मांस बहुतेक वेळा गोमांसच असतं. विचारून घ्यावं. शाकाहाऱ्यांना ल्यांगपी आहे: थंडगार रुंद शेवया, त्यावर व्हिनेगर, लसणाचं पाणी, तिखटाचं तेल, काकडी. हलाल वस्ती असल्यामुळे इथे डुकराची चरबी कशातच नसते. चिनी मिठाया वजनावर विकतात आणि भाव बहुधा अर्ध्या किलोचा सांगतात. सुरी चालायच्या आधी किती कापायचं ते हाताने दाखवावं. पैसे मोबाइलवर. 2023 पासून अलीपे आणि वीचॅटला परदेशी कार्ड जोडता येतं, पण ते घरून निघतानाच जोडावं.

पोटभर झालं की मेट्रोने दक्षिणेला, मोठ्या वन्यहंस स्तूपाकडे. हा स्तूप 652 साली बांधला तो ह्युएन त्संगने भारतातून आणलेल्या पोथ्यांसाठी. देशाबाहेर जायला बंदी असताना तो गुपचूप निघाला, 645 मध्ये परतला आणि पुढच्याच वर्षी याच शहरात त्याचा प्रवासग्रंथ तयार झाला. पुलकेशीच्या महाराष्ट्राचं आणि उपकार व अपमान दोन्ही न विसरणाऱ्या इथल्या माणसांचं वर्णन आपण ज्यातून वाचतो, तो हाच ग्रंथ. स्तूपासमोर त्याचा पुतळा आहे, आणि त्याच्या पाठोपाठ दोनेक किलोमीटरचा झगमगता पादचारी रस्ता: तांग धाटणीचे वाडे, भाड्याच्या रेशमी पोशाखातल्या तरुणी, जड बुडाच्या बाहुलीसारखी झुलणारी नर्तकी. तिच्या चित्रफिती 2019 मध्ये चीनभर गाजल्या आणि रस्त्याचं नशीब उघडलं.

हा तांग काळ सोयीचा आहे. त्यात ढोल नाही, फटके नाहीत; त्या तीन रात्रींची रोषणाई तेवढी उचलून वर्षभर लावलेली आहे. ती बघायला मजा येते, बघावीच. पण दूरच्या माणसांना आपलंसं करणारं चांगआन हुडकायचं असेल तर ते हुईंच्या स्वयंपाकघरात जास्त सापडतं. दिव्यांचा रस्ता एका नियोजनातून उभा राहिला. जिरं, डाळिंब आणि मशीद मात्र कुणी पर्यटकांसाठी आणलेली नव्हती. म्हणून एकच संध्याकाळ हाताशी असेल तर ती बेइयुआनमनला द्यावी. रात्र मुक्कामाची असेल तर सकाळी पश्चिमेकडच्या साजिनच्याओ गल्लीत जावं. तिथे गोळ्यांचं तिखट, दाट सूप घ्यायला ऑफिसला निघालेले शीआनकर रांगेत असतात, आणि फोटो काढणारे कमी.