गाथेबाहेरचा अभंग

‘आधी बीज एकले’ हे पद तुकारामांच्या गाथेत शोधून सापडत नाही. ते शांताराम आठवले यांनी ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या बोलपटासाठी लिहिले. संगीत केशवराव भोळे यांचे, गळा विष्णुपंत पागनीसांचा. गाथेतील अस्सल अभंगांच्या पंगतीला ते बसले आणि लोकांनी ते तुकोबांचेच मानले.

वास्तविक खूण उघड होती. पदात ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा नाही. ती घालणे अवघड नव्हते. आठवल्यांनी घातली नाही. मला तो त्यांचा प्रामाणिकपणा वाटतो. पण श्रोत्यांनी ती मनोमन जोडून घेतली, कारण बीज, रोप, फळ हे शब्द देहूच्या कुणब्याच्या शिवारातलेच होते आणि त्यांतून निघणारा अर्थ अद्वैताचा. शब्द जुने दिसावेत म्हणून त्यांनी कुठे जुनाट रूपे कोंबली नाहीत, हे विशेष.

बोलपटाचा गीतकार पात्राच्या तोंडून बोलतो. ‘कुंकू’ (१९३७), ‘गोपाळकृष्ण’ (१९३८), ‘शेजारी’ (१९४१) यांतही आठवल्यांनी तेच केले. फक्त तिथली पात्रे कवी नव्हती, म्हणून श्रेय हरवले नाही. पुढे ते दिग्दर्शनाकडे वळले. ‘वहिनींच्या बांगड्या’ (१९५३) आणि ‘शेवग्याच्या शेंगा’ (१९५५) हे त्यांचेच. ‘प्रभात’मधील दिवसांविषयी त्यांनी ‘प्रभातकाल’ हे पुस्तकही लिहिले.

तरीही भजनाच्या बैठकीत हे पद आजही सर्रास तुकोबांच्या नावावर म्हटले जाते.