जाफन्याचं वार्तापत्र: जमीन बायकोची, संमती नवऱ्याची

श्रीलंकेच्या उत्तर टोकाला, जाफन्यात, तमिळांचा ‘तेसवळमै’ नावाचा वेगळा कायदा आजही चालतो. चालीरीती तमिळांच्या, लिहून काढल्या डचांनी: क्लास इसाक्स या अंमलदाराने १७०६-०७ मध्ये त्या नोंदवल्या, बारा मुदलियारांनी, म्हणजे स्थानिक प्रमुखांनी, त्या तपासल्या आणि १८०६ मध्ये इंग्रजांनी त्यांना कायद्याचं बळ दिलं. त्यात वडिलोपार्जित ते मुदुसम, लग्नात मुलीला दिलेलं ते सीदनम, संसारात कमावलेलं ते तेडियतेट्टम. सीदनम म्हणजे हुंडाच, पण तो वरपक्षाच्या पदरात पडत नाही. घर, जमीन मुलीच्या नावावर दस्त करून दिली जाते. भोर तालुक्यातल्या कामथडीच्या वाचकाला हे नवल वाटेल. आपल्याकडे मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला. पण वारसनोंद झाली की भोरच्या दुय्यम निबंधकाकडे बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात आणि साडीचोळीवर बोळवण होते. महामार्गालगत गुंठ्याचे भाव चढले तसा सह्यांचा आग्रहही वाढला. हक्क पुढे कधीतरी मागण्यापेक्षा लग्नातच हाती पडला तर तो टिकतो, ही जाफन्याच्या रीतीची जमेची बाजू आहे.

यावर कुणी म्हणेल, हा लग्नाचा बाजारच झाला. खरं आहे, ज्याच्याकडे जमीन नाही त्या बापाची इथेही फरफट होते, आणि जुन्या रीतीत सीदनम घेतलेल्या मुलीचा माहेरच्या बाकी मिळकतीवर दावा उरत नसे. पण मला त्याहून मोठी खोट दिसते ती तेसवळमैला जोडलेल्या १९११ च्या वटहुकुमात. लग्न झालेल्या बाईने आपले दागिने खुशाल मोडावेत, पण स्वतःच्या नावची जमीन विकायची तर नवऱ्याची लेखी संमती हवी. जमीन घराबाहेर जाऊ नये म्हणून ही काळजी, असं समर्थन केलं जातं. मग नवऱ्याला स्वतःची जमीन विकताना बायकोची सही का लागत नाही? आपल्याकडे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बाईला तिच्या मिळकतीची पूर्ण मालक केलं. तसं कलम जाफन्यातही यायला हवं होतं. पाठीराखे सांगतात की नवरा विनाकारण अडून बसला तर जिल्हा न्यायालय संमती देऊ शकतं. देऊ शकतं खरं, पण त्यासाठी नांदत्या घरातून नवऱ्याविरुद्ध अर्ज करावा लागतो, आणि भावावर वाटणीचा दावा लावायला भोरची बहीण जितकी कचरते, तितकीच जाफन्याची बायकोही कचरणार.