गाड्या वेळेवर धावत होत्या

भीतीचं राज्य : लेखांक ७

डोंबिवलीत सत्तरी ओलांडलेल्या माणसाकडे आणीबाणीचा विषय काढला की बहुतेकदा पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘काही म्हणा, तेव्हा गाड्या वेळेवर धावत होत्या.’ ज्या गावाचं आयुष्य लोकलच्या वेळापत्रकाला टांगलेलं आहे तिथे हे वाक्य निघणारच. मला त्याचा राग येत नाही. मी फक्त पुढचा प्रश्न विचारतो. गाडीत तेव्हा गप्पा कशाच्या चालायच्या? इथे माणूस थबकतो. क्रिकेट, भाववाढ, मुलीचं लग्न. आणि राजकारण? ‘छे, ते कोण काढणार? शेजारी कोण बसलंय, काय ठाऊक!’

गेल्या आठवड्यात आपण पूर्व जर्मनी पाहिला. १९८९ साली तिथल्या गुप्त पोलिसांकडे ९१ हजार पगारी माणसं होती, शिवाय पावणेदोन लाखांवर खबरे. एवढा फौजफाटा पोसायला पैसा लागतो. कल्याण लोकलच्या डब्यात असलं काही नव्हतं आणि त्याची गरजही पडली नाही. ‘शेजारी कोण बसलंय’ ही शंका बिनपगारी काम करते.

आणीबाणीची घोषणा २५ जून १९७५ च्या रात्री झाली. पण भीतीची पेरणी आधीच झाली होती, आणि आपल्या भागात ती रेल्वेच्याच रुळांवर झाली. ८ मे १९७४ रोजी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १७ लाख रेल्वे कामगार संपावर गेले. वीस दिवसांत सरकारने संप मोडून काढला. हजारोंना अटक झाली, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, संपकऱ्यांच्या कुटुंबांना क्वार्टरमधून बाहेर काढण्यात आलं. कल्याणसारख्या जंक्शनच्या गावात, जिथे अर्ध्या ओळखी रेल्वेतल्याच, तिथे याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नाही. नवऱ्याने घोषणा दिली तर बायकोचा संसार रस्त्यावर येतो. गाड्या वेळेवर का धावल्या, याचं निम्मं उत्तर मला इथे दिसतं.

बाकीच्या प्रवाशांनी त्या संपकऱ्यांसाठी फारसे अश्रू ढाळले नाहीत. संपाने त्यांचेच हाल झाले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, चौकशीविना स्थानबद्ध करू देणाऱ्या ‘मिसा’ कायद्याची कक्षा वाढवून तस्करांना आत टाकलं गेलं, तेव्हा तर लोकांनी टाळ्याच वाजवल्या. बिनाचौकशीच्या तुरुंगाची सवय लावायची तर सुरुवात अशा माणसांपासून करावी लागते, ज्यांची बाजू घ्यायला कुणी धजत नाही किंवा कुणाला घ्यावीशी वाटत नाही. वर्षभरात तोच कायदा आमदार, प्राध्यापक आणि संपादकांपर्यंत पोचला.

आणि पोचताना आणखी धारदार झाला. जून १९७५ अखेरच्या वटहुकमाने स्थानबद्ध माणसाला अटकेची कारणं सांगण्याचं बंधन काढून टाकलं. भीतीचं सगळं यंत्र या एका तरतुदीत आहे. समजा, शेजारच्या बिऱ्हाडातले मास्तर पहाटे नेले. का नेले, हे कळलं असतं तर आपण म्हटलं असतं, ‘बरं, मग मी ते करणार नाही.’ कारणच कळलं नाही, की माणूस आपल्या मनानेच यादी करू लागतो : त्यांच्याकडे ‘साधना’ यायचं, ते शाखेत जायचे, त्या दिवशी नाक्यावर मोठ्याने बोलले होते. मग तो आपलं साप्ताहिक बंद करतो, शाखेची टोपी ट्रंकेत टाकतो, नाक्यावर जात नाही. सरकारने यातलं काहीच मना केलेलं नसतं. भिंत कुठे आहे ते दिसत नाही म्हणून माणूस ती आहे त्याच्या चार पावलं अलीकडेच थांबतो.

आकडे पाहा. आणीबाणीची पुढे चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या नोंदीनुसार मिसाखाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ माणसं पकडली गेली. देशाची लोकसंख्या तेव्हा साठ कोटींच्या घरात, म्हणजे साधारण साडेपाच हजारांमागे एक. बाकीच्यांना हात लावण्याची गरज नव्हती. महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये आणीबाणीतल्या बंदिवानांना मानधन सुरू केलं, २०२० मध्ये ते बंद झालं, २०२२ मध्ये पुन्हा चालू झालं. आत गेलेल्यांची यादी सरकारदरबारी आहे. बाहेर राहून गप्प बसलेल्यांची यादी कुठेच नाही. खरा परिणाम झाला तो त्यांच्यावर.

ही गोष्ट ‘एक बाजू भ्यायली, दुसरी लढली’ अशी सरळ नाही. ठाणे नगरपालिका १९६७ साली जिंकून शिवसेनेने सत्तेची पहिली चव घेतली. त्याच शिवसेनेने आणीबाणीला पाठिंबा दिला. संघावर ४ जुलै १९७५ रोजी बंदी आली. स्वयंसेवक तुरुंगात गेले, सत्याग्रहही केला; पण सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी येरवड्यातून इंदिरा गांधींना लिहिलेल्या पत्रांवर आजही वाद होतात. पवनारहून विनोबांचा ‘अनुशासनपर्व’ हा शब्द आला आणि सरकारने तो उचलून धरला. भीतीला एखादा चांगला शब्द मिळाला की तिचं निम्मं काम होतं. भ्यालो म्हणायला लाज वाटते, शिस्त पाळली म्हणायला नाही.

न्यायालयही त्याच हवेत होतं. नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांना दाद मागण्याचा हक्क आहे असं म्हटलं, त्यांत आपलं मुंबई उच्च न्यायालयही होतं. सर्वोच्च न्यायालयात न्या. खन्ना यांनी विचारलं की पोलिसाने वैयक्तिक दुष्मनीतून कुणाला ठार केलं तर? तेव्हाही दाद नाही, असं महान्यायवादी निरेन डे यांनी मान्य केलं. तरीही २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी निकाल सरकारच्या बाजूने लागला. त्या चौघांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. एकटे पडलेले खन्ना पुढच्या जानेवारीत सरन्यायाधीशपदाला मुकले. त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना बसवलं, आणि संदेश जिथे जायचा तिथे गेला. १९७६ चा तो निकाल चुकीचा होता हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. ते लिहिणारे न्यायमूर्ती चंद्रचूडांचे चिरंजीव होते.

उलट दिशेचं उदाहरण कऱ्हाडचं. डिसेंबर १९७५ च्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी आजारी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना म्हणून सभेला उभं राहायला सांगितलं. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. सभा उभी राहिली. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली, पण त्या मांडवातल्या प्रत्येकाने पाहिलं होतं की शेजारचाही उभा राहिला. लोकलमधल्या प्रवाशाला नेमकं हेच कधी पाहायला मिळालं नव्हतं.

भीतीचा एक दोष मात्र राज्यकर्त्याला उशिरा कळतो. ती वरच्याचेही कान बंद करते. वर्तमानपत्रांना कात्री लावली, अधिकारी गोड अहवाल देऊ लागले, नसबंदीचे आकडे फुगत गेले. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं, जे राष्ट्रपतींच्या संमतीअभावी कायदा झालं नाही. लोक गप्प आहेत म्हणजे खूश आहेत, असा हिशेब दिल्लीत झाला असावा. १८ जानेवारी १९७७ रोजी इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली. महाराष्ट्राने ४८ पैकी २० जागा काँग्रेसला दिल्या, दक्षिणेने तर भरभरून दिल्या. म्हणजे भीतीची झळ सगळीकडे सारखी नव्हती, हेही मान्य करायला हवं. पण ठाणे मतदारसंघाने, आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्या रामभाऊ म्हाळगींना लोकसभेवर पाठवलं. डब्यात न बोललेले शब्द मतपेटीत पडले होते.

एक विनंती. तुरुंगातून आलेली, शिक्के मारलेली पत्रं कुणाच्या माळ्यावर असतील तर ती जपाच. पण त्याहून तातडीचं काम दुसरं आहे. घरातल्या किंवा सोसायटीतल्या वयस्कर माणसाला, जो कधीही आत गेला नाही अशाला, विचारा की त्या एकवीस महिन्यांत कोणत्या गोष्टी बोलायचं टाळलं होतं. उत्तर त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा. हे दिवाळीपर्यंत लांबवू नका. ही माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.