मोजपट्टीच बदलली तर?

दुकानातून अडीच मीटर म्हणून आणलेले कापड घरी मोजले, तर चार बोटे कमी भरते. आपण दुकानदारावर चिडतो. तो आपली लोखंडी पट्टी दाखवतो आणि शपथेवर सांगतो, ‘ताई, माप चोख आहे.’ खरे कोण? पुष्कळदा दोष आपल्या शिवणाच्या डब्यातल्या टेपचा असतो. वापरून वापरून ती ताणली गेलेली असते!

मोजायचे कसे, हे शाळेत शिकवतात. पण ज्याने मोजायचे तेच बदलू लागले तर काय करायचे? या प्रश्नाची एक गोष्ट चेन्नईत सुरू होते आणि चक्क आपल्या हिंगोली जिल्ह्यात येऊन पोहोचते.

टेकडीच्या पायथ्याशी साखळी

चेन्नईच्या विमानतळाला लागूनच सेंट थॉमस माउंट ही लहानशी टेकडी आहे. तमिळ लोक तिला परंगीमलै म्हणतात. १८०२ च्या एप्रिल महिन्यात या टेकडीजवळच्या सपाट जमिनीवर विल्यम लॅम्बटन हा इंग्रज लष्करी अधिकारी शंभर फुटी पोलादी साखळी घेऊन उभा होता. साडेसात मैलांची एक सरळ रेषा त्याला मोजायची होती. तिच्यावरच पुढे साऱ्या हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची उभारणी व्हायची होती.

अडचण होती मद्रासच्या उन्हाची. पोलाद तापले की लांबते. एक अंश सेल्सिअस तापमान वाढले, तर शंभर फुटी साखळी साधारण एक तृतीयांश मिलिमीटरने वाढते. हे काहीच नाही, असे वाटेल. पण साखळी सुमारे चारशे वेळा टाकायची होती. तापमानात दहा अंशांचा फरक पडला, तर साडेसात मैलांत जवळजवळ दीड मीटरची चूक! म्हणून लॅम्बटनने साखळी लाकडी पेट्यांच्या आधारावर ताणली, तिच्यावर सावली धरली, शेजारी तापमापक ठेवले आणि प्रत्येक मापात उष्णतेचा हिशेब धरला. जमीन मोजण्याआधी त्याने आपल्या मापावर पहारा बसवला होता.

पुढची वीस वर्षे हेच काम करीत तो उत्तरेकडे सरकत राहिला. २० जानेवारी १८२३ रोजी नागपूरच्या वाटेवर असताना त्याला मृत्यू आला तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे.

आता गज प्रकाशाचा

आज शास्त्रज्ञांची साखळी पोलादाची नाही, प्रकाशाची आहे. १९८३ पासून मीटरची व्याख्याच प्रकाशाच्या वेगावरून केली जाते. अतिसूक्ष्म मोजणीसाठी वापरतात तो लेसर. त्याचा प्रकाश जवळजवळ एकाच रंगाचा, म्हणजे एकाच कंपनसंख्येचा असतो. त्याची एकेक लाट म्हणजे जणू साखळीची एकेक कडी.

मात्र इथेही लॅम्बटनचीच अडचण उभी राहते. खोलीतली उष्णता किंचित वाढली, शेजारून कोणी चालत गेले, तरी लेसरची कंपनसंख्या हलते. डोळ्यांना न दिसणारा एक नेहमीच्या वापरातला अवरक्त लेसर सेकंदाला सुमारे २८२ लाख कोटी कंपने करतो. त्यातली काही हजार इकडेतिकडे झाली, तरी नाजूक प्रयोग फसतो.

मग लेसरवर पहारा कोणी ठेवायचा?

दोन आरसे आणि तंबोरा

चेन्नईत डिसेंबर उजाडला की सभागृहे कर्नाटक संगीताने दुमदुमतात. गायक कितीही मोठा असो, मागे तंबोरा हवाच. आपल्याकडेही मिरजेचा तंबोरा जुळल्याशिवाय मैफल सुरू होत नाही. गाता गाता सूर हलला, तर तंबोऱ्याच्या षड्जावरून गायकाला ते तत्काळ कळते.

लेसरच्या मागेही असाच तंबोरा ठेवतात. काचेचा एक नळीसारखा ठोकळा घेतात आणि त्याच्या दोन टोकांना समोरासमोर दोन अतिशय गुळगुळीत आरसे बसवतात. आत शिरलेला प्रकाश या आरशांमध्ये हजारो वेळा ये-जा करतो. दोन आरशांमधल्या अंतरात त्याच्या अर्ध्या लाटा नेमक्या पूर्ण संख्येने बसल्या, तरच तो आत साठतो. नाही बसल्या, तर आरसा त्याला परत पाठवतो.

या परतलेल्या प्रकाशातच खरी मेख आहे. लेसरच्या प्रकाशाला मुद्दाम एक बारीक, ठराविक थरथर दिलेली असते. त्यामुळे परत आलेल्या प्रकाशावरून सूर चढला आहे की उतरला, हे उपकरणाला कळते आणि ते क्षणार्धात लेसरला जागेवर आणते. पाउंड, ड्रेव्हर आणि हॉल या तीन शास्त्रज्ञांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. लेसरसाठी ती १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली.

पण तंबोराच उतरला तर? म्हणून हा ठोकळा जवळजवळ न प्रसरणाऱ्या खास काचेचा करतात, निर्वात पेटीत ठेवतात, त्याचे तापमान कायम राखतात आणि जमिनीच्या हादऱ्यांपासून त्याला जपतात. दहा सेंटीमीटर लांबीच्या ठोकळ्यात एका अणूएवढा फरक पडला, तरी आपल्या लेसरची कंपने सेकंदाला सुमारे २ लाख ८२ हजारांनी बदलतील!

नागनाथाच्या गावी

एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर औंढा नागनाथला मिळते. ज्योतिर्लिंगासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाच्या परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा व्हायची आहे. एकमेकींशी काटकोनात, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांतून लेसरचा प्रकाश ये-जा करील आणि अंतराळातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरींचा वेध घेईल. अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी लहर प्रथम टिपली. तेव्हा नळ्यांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनपेक्षाही शेकडो पटींनी लहान होता. तिथे लेसरचा सूर आधी आरशांच्या लहान पेटीवर जुळवतात आणि शेवटी त्या चार किलोमीटरच्या नळ्यांवरच.

त्या शोधाच्या कामात चेन्नईच्या गणित संस्थेतले शास्त्रज्ञही होते. अशी लहर गोंगाटातून ओळखण्याच्या गणिती पद्धतीचा पाया घालण्यात पुण्याच्या ‘आयुका’तले डॉ. संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे.

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये या प्रकल्पासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. मराठवाड्यातली एखादी गृहिणी विचारील, ‘आमच्या विहिरीला पाणी नाही, आणि आकाशातल्या लहरी कशाला मोजता?’ प्रश्न रास्त आहे. लहरींनी विहीर भरणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण स्थिर लेसरची ही विद्या वेधशाळेपुरती राहत नाही. त्याच्याच जोरावर जगातली सर्वांत अचूक घड्याळे चालतात, आणि उपग्रहावरून वाट दाखवणारी यंत्रणा अचूक घड्याळांवरच उभी असते. पुण्यात अशा प्रकाशीय घड्याळांवर काम सुरू आहे. काच घासणारे, निर्वात नळ्या जोडणारे, लेसर जुळवणारे कुशल हात यातून तयार होतात. हिंगोलीच्या मुला-मुलींना त्यात जागा मिळाली, तर वेधशाळा खऱ्या अर्थाने त्यांच्या गावची होईल.

तोवर एक करता येईल. घरातली जुनी टेप काढा आणि मुलांना ती शाळेतल्या पट्टीशी ताडून पाहायला सांगा. फरक निघाला, तर त्यांना मद्रासच्या उन्हात साखळीवर सावली धरणाऱ्या त्या माणसाची गोष्ट जरूर सांगा.